फ्रेंचचा अँपार्फे : 'राहिले', 'राहायचे', 'राहत होते' यातलं नेमकं कुठे? (ठाणे-नवी मुंबईकर फ्रेंचवाले, इकडे या)

नौपाडा_नंदिनी

मंडळी, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार फ्रेंचच्या क्लासला जातेय. डेल्फ ए-टू (फ्रेंचची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा) द्यायची आहे. वर्तमानकाळ जमला, पासे कोंपोझेही ('राहिले, गेले'वाला भूतकाळ) बऱ्यापैकी जमला. आता अँपार्फे ('राहायचे, राहत होते'वाला भूतकाळ) आलाय आणि सगळ्या बॅचचीच गाडी कळव्याच्या सिग्नलला अडकलीय.

क्लासमध्ये फळ्यावर दोन रकाने पाडून दिलेत. 'रोज, नेहमी, दर रविवारी, लहानपणी' दिसलं की अँपार्फे. 'काल, एकदा, अचानक' दिसलं की पासे कोंपोझे. ऐकायला छान. पण सोबत दिलेल्या सरावाच्या कागदाची उत्तरं बघा (उच्चार देवनागरीत जमतील तसे टंकतेय) :

'मी वीस वर्षं ठाण्यात राहिले.' – जे आबिते व्हँतां आ ठाणे. पासे कोंपोझे.
'तेव्हा मी ठाण्यात राहायचे.' – आलोर, जाबिते आ ठाणे. अँपार्फे.
'ठाणं मला नेहमीच आवडत आलंय.' – जे तूझूर एमे ठाणे. पासे कोंपोझे!
'काल पाऊस...' – इथे दोन्ही चालेल म्हणे.

वीस वर्षं म्हणजे काय थोडाथोडका काळ आहे? तरी पासे कोंपोझे. तिसऱ्यात तर चक्क 'नेहमी' आहे. विचारलं तर 'सरावाने कळेल' असं उत्तर मिळालं. सराव कशाचा करायचा तेच कळेना. कुणी मराठीतून समजावून सांगेल का?

घोडबंदरचा_घोडा

मला एवढंच माहीत आहे की 'मी बोलत होतो' हे फ्रेंचमध्ये 'ज पार्ले'. उलटं वाचा आणि चहात बुडवा.

टिटवी

घोडा, हहपुवा (हसून हसून पुरे वाट). पण तुझ्या विनोदात एक खरी अडचण दडलीय, त्याकडे नंतर येते.

नंदिनी, मी ऐरोलीला एका ऑफिसात फ्रेंच मेल बघते, त्यामुळे हा काळ दिवसभर बोटांखाली असतो. वापराचं सीवूड्सकर सर सांगतील, सांगितल्याशिवाय राहणारच नाहीत. मी नुसतं रूप कसं बनवायचं ते सांगते, कारण फ्रेंचमध्ये एवढा सरळ काळ दुसरा नाही.

वर्तमानकाळातलं 'नू'चं (म्हणजे 'आम्ही'चं) रूप घ्यायचं. शेवटचं ओ-एन-एस कापायचं. उरलेल्या धडाला हे शेपूट लावायचं :
ज – ए-आय-एस
त्यु – ए-आय-एस
इल, एल, ओं – ए-आय-टी
नू – आय-ओ-एन-एस
व्हू – आय-ई-झेड
इल, एल अनेकवचनी – ए-आय-ई-एन-टी

नू पार्लों, म्हणून ज पार्ले. नू फिनिसों, म्हणून ज फिनिसे. पिणं घे : वर्तमानात 'ज ब्वा', पण नू ब्युव्हों, म्हणून ज ब्युव्हे. घेणं : नू प्रनों, ज प्रने. करणं : नू फझों, ज फझे. वर्तमानात ज्या क्रियापदांनी रडवलं ती इथे शहाण्यासारखी वागतात, कारण नखरे 'नू'च्या रूपापर्यंत येऊन संपलेले असतात.

अपवाद एकच, 'असणं', म्हणजे एत्र. त्याचं नू सॉम, त्याला कापायला ओ-एन-एसच नाही. म्हणून धड वेगळं : जेते, त्यु एते, इल एते, नूझेतियों, व्हूझेतिए, इलझेते. पाऊस पडणं आणि 'करायला हवं'वालं फालवार, यांना 'नू'चं रूपच नसतं (आम्ही कुठे पडतो पावसासारखे?), तर त्यांचं इल प्लव्हे आणि इल फाले असं पाठ करून टाकायचं.

आता स्पेलिंग. मांजे, म्हणजे खाणं. नू मांजोंमध्ये जी-नंतर एक ई घुसवलेला असतो, नाहीतर ओ-समोर जी-चा उच्चार 'ग' होईल. ए-समोरही तीच भीती, म्हणून 'ज मांजे' लिहिताना तो ई ठेवायचा. पण नू मांजियोंमध्ये पुढे आय आहे, आय-समोर जी आपोआप 'ज' होतो, म्हणून तिथे ई काढायचा. सुरू करणं, कोमांसे, त्याचंही तसंच : ए-समोर सी-ला खालची शेपटी लावायची, आय-समोर काढायची. कारण लक्षात ठेवलं की यादी पाठ करावी लागत नाही.

आणि अभ्यास करणं, एत्युदिए, त्याच्या 'नू'च्या रूपात लागोपाठ दोन आय येतात. छपाईची चूक वाटते, पण बरोबर आहे. एक धडाचा, एक शेपटाचा. एकच लिहिलात तर तो वर्तमानकाळ झाला.

बारावी_ब

टिटवीताई, मस्त. मी बारावीला फ्रेंच घेतलंय (स्कोरिंग आहे म्हणून, खोटं कशाला बोलू). प्रश्न : ए-आय-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी, सगळ्यांचा उच्चार 'ए'च ऐकू येतो. मग ऐकताना कळणार कसं की कोण बोलत होतं?

टिटवी

आधीच्या सर्वनामावरून. शेपूट कानाला कळत नाही, ते डोळ्यांसाठी आहे. सहातली चार रूपं ऐकायला एकच. त्यात रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक 'नू'ऐवजी 'ओं' वापरतात, म्हणजे पाच झाली. बोलणाऱ्याची चैन, लिहिणाऱ्याची परीक्षा.

घोड्याच्या चहाचा मुद्दा हाच. 'ज पार्ले' हा अँपार्फे आणि 'जे पार्ले' हा पासे कोंपोझे. शेवटच्या 'ए'मध्ये फरक आहे, अँपार्फेचा तोंड जरा उघडून आणि दुसरा ओठ ताणून, पण दक्षिण फ्रान्समध्ये बरेच जण तोही करत नाहीत. म्हणून कान शेपटीकडे नको, सुरुवातीकडे ठेव. 'ज' की 'जे'? 'इल पार्ले' की 'इला पार्ले'? सहायक क्रियापद ऐकू आलं की पासे कोंपोझे. नंदिनीच्या वाक्यांत 'जाबिते' आणि 'जे आबिते' यांत तेच आहे. परीक्षेतल्या ध्वनिफितीत याच्यावरच दांडी उडते.

सीवूड्सकर

टिटवीने मला आधीच कामाला लावलं आहे. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, तेव्हा लांबण लागली तर सहन करा.

एक अवांतर आधी उरकतो. ए-आय लिहून 'ए' का म्हणायचं, असं मुलं विचारायची. पूर्वी ही शेपटं ओ-आय-एस, ओ-आय-टी अशी लिहीत. उच्चार केव्हाच बदलला होता, लेखन तसंच राहिलं. अकादेमी फ्रांसेझच्या कोशाच्या १८३५ च्या सहाव्या आवृत्तीत ए-आय अधिकृत झालं. 'फ्रांसे' हा शब्दही पूर्वी ओ-आयनेच लिहिला जायचा, आणि फ्रांस्वा हे नाव अजून तसंच आहे. इंग्रजीने 'जाणकार' या अर्थाचा शब्द त्याआधीच उचलला, म्हणून इंग्रजी कॉनसरमध्ये अजून ओ-आय दिसतो आणि खुद्द फ्रेंचमध्ये ए-आय.

आता मूळ प्रश्न. नंदिनीताई, तुमच्या फळ्यावरचे दोन रकाने पुसून टाका. काळ किती लांब होता याचा अँपार्फेशी काही संबंध नाही. शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं चाललं. हे वाक्य फ्रेंचमध्ये पासे कोंपोझेत जातं : एला द्युरे. ११६ वर्षं! उलट 'दोन मिनिटांपूर्वी तो इथेच होता' यात अँपार्फे : इल एते इसी.

विचारायचा प्रश्न असा : बोलणारा त्या गोष्टीची दोन्ही टोकं दाखवतोय, की आपल्याला मधेच नेऊन उभं करतोय? 'वीस वर्षं राहिले' म्हटलंत की हिशेब मांडलात, आणि हिशेब मांडता येतो तो खातं बंद झाल्यावर. म्हणून जे आबिते. 'तेव्हा मी ठाण्यात राहायचे' म्हटल्यावर कधीपासून, कधीपर्यंत, हे तुम्ही सांगतच नाही. ऐकणारा 'बरं, मग?' म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघतो. म्हणून जाबिते.

तिसरं वाक्य. 'तूझूर' ('नेहमी') आहे म्हणून अँपार्फे हा रकान्याचा नियम इथे पडतो, कारण आवडणं थेट आजपर्यंत येऊन पोचलंय. 'जेमे ठाणे' असं अँपार्फेत म्हणालात, तर ऐकणारा विचारेल, 'का हो, आता नाही आवडत?' तसंच 'रोज'चं. 'महिनाभर तो रोज आला' – इले व्हन्यु तू ले जूर, पासे कोंपोझे, कारण 'महिनाभर'ने कुंपण घातलं. 'तेव्हा तो रोज यायचा' – इल व्हने तू ले जूर, अँपार्फे. 'रोज' दोन्हीकडे आहे.

काल पाऊस : 'इला प्लू' म्हणजे काल पाऊस पडला, बातमी दिली, विषय संपला. 'इल प्लव्हे' म्हणजे काल पाऊस पडत होता, आणि पुढे तुम्ही सांगणार की छत्री नव्हती, टीएमटीची बस मिळेना, वगैरे.

नौपाडा_नंदिनी

सर, 'हिशेब मांडता येतो तो खातं बंद झाल्यावर' हे वहीवर लिहून ठेवलं. क्लासमध्ये सांगतात की अँपार्फे म्हणजे नाटकाचा मागचा पडदा आणि पासे कोंपोझे म्हणजे पात्राचा प्रवेश. ते कितपत खरं?

सीवूड्सकर

पडदा म्हटलं की मुलं हवामान आणि झाडंझुडपं तेवढी अँपार्फेत घालतात, आणि माणसाने काही केलं की पासे कोंपोझे. 'आजोबा रोज पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारायचे' यात आजोबा चांगले घाम गाळताहेत, तरी अँपार्फे. पहिल्या आठवड्यापुरता पडदा ठीक, मग काढा.

कोपरीकर

सर, आदर ठेवून विचारतो. सगळीकडे सांगतात की शिकायच्या भाषेतच विचार करा, मातृभाषा मधे आणू नका. इथे तर सगळं मराठीवरून चाललंय.

टिटवी

कोपरीकर, आपण मराठी मधे आणत नाही हे खरं, पण त्याऐवजी इंग्रजी आणतो. क्लासमध्ये बहुतेकांना हा काळ इंग्रजीच्या चष्म्यातून शिकवतात. इंग्रजीचा साधा भूतकाळ 'राहिलो'लाही तोच आणि 'राहायचो'लाही तोच, म्हणून पोरं अडकतात. मराठीत हा फरक आपण बोलता बोलता करतो. जायचो, जात असे, आजीच्या भाषेत 'जाई', हा रीतिभूतकाळ. जात होतो, हा अपूर्ण भूतकाळ. दोन्ही सरळ अँपार्फेच्या पदरात टाका. 'गेलो' पासे कोंपोझेच्या. निम्मं काम झालं.

'तीन दिवस पाऊस पडत होता', अजून थांबला नव्हता : दप्वी ('-पासून') लावून अँपार्फे. 'तीन दिवस पाऊस पडला' : पासे कोंपोझे. इंग्रजीतून गेलात तर पहिल्या वाक्यात उगाच प्ल्यु-क-पार्फे (त्याच्याही आधी घडून गेलेल्याचा भूतकाळ) घालाल. मराठी कानाला विचारलंत तर चुकणार नाही.

सीवूड्सकर

टिटवीशी सहमत, पण मराठी कान एका ठिकाणी हमखास फसतो, आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

मराठीतलं '-ला होता'. व्याकरणात याला पूर्ण भूतकाळ म्हणतात, म्हणून हुशार मुलगा लगेच प्ल्यु-क-पार्फे करतो. आता ही वाक्यं बघा :

तो झोपला होता. म्हणजे झोपेत होता. फ्रेंच : इल दॉर्मे. अँपार्फे.
त्याने निळा शर्ट घातला होता. इल पॉर्ते युन शमीझ ब्ल. अँपार्फे.
मला भूक लागली होती. जाव्हे फँ. अँपार्फे.
अंधार झाला होता. इल फझे न्वी. अँपार्फे.
ती खिडकीपाशी बसली होती. एल एते आसीझ, अँपार्फेतलं एत्र.

आपण क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो आणि दाखवत असतो ती त्यानंतरची स्थिती. फ्रेंच थेट स्थितीच सांगतं. म्हणून '-ला होता' समोर आलं की विचारा : तेव्हा बघणाऱ्याला काय दिसत होतं? झोपलेला माणूस, अंगातला शर्ट, बसलेली बाई दिसत असेल तर अँपार्फे. पण 'मी पोचलो तेव्हा गाडी गेली होती' यात दिसायला काही उरलेलंच नाही, क्रिया आधीच होऊन गेली. तिथे खरा प्ल्यु-क-पार्फे.

मुलांच्या वहीत 'त्याने निळा शर्ट घातला होता' हे जवळपास दर वर्षी प्ल्यु-क-पार्फेत यायचं. व्याकरणाने ते वाक्य चूक नाही, पण फ्रेंच वाचणाऱ्याला वाटतं की शर्ट घातला आणि मग काहीतरी घडलं. वाक्य साधं वर्णनाचं असतं.

बारावी_ब

बाप रे. 'इल दॉर्मे' आत्ता डोक्यात बसलं. वाचनखूण साठवली.

नेरूळची_आई

सर, अजून एक भर घालू का? काही क्रियापदं फ्रेंचमध्ये एकच असतात, पण काळ बदलला की मराठीत क्रियापदच बदलतं. माझी मुलगी शाळेत फ्रेंच शिकते, तिच्याबरोबर मीही बसते.

ज साव्हे – मला माहीत होतं. जे स्यु – मला कळलं.
ज कोनेसे – मी ओळखत होते. जे कोन्यु – ओळख झाली.
ज पुव्हे – जमण्यासारखं होतं. जे प्यु – जमलं.
ज दव्हे पार्तीर – मला निघायचं होतं. जे द्यु पार्तीर – मला निघावं लागलं.

शेवटच्या जोडीत तर गंमतच. 'निघायचं होतं' म्हटल्यावर निघाली की नाही ते कळतच नाही. 'निघावं लागलं' म्हणजे निघाली.

सीवूड्सकर

ताई, यात काही घालायचं उरलं नाही. छान.

टिटवी

ऑफिसातल्या मेलचंही सांगते, कारण तिथे अँपार्फेचा भूतकाळाशी काही संबंध नसतो. ग्राहकाला 'मला तुम्हाला विचारायचं आहे' असं वर्तमानात लिहिलं की जरा दरडावल्यासारखं होतं. तिथे लिहायचं ज व्हूले व्हू दमांदे. आपण काय वेगळं करतो? सोसायटीच्या ऑफिसात जाऊन 'काका, जरा विचारायचं होतं' असंच म्हणतो ना? त्यावर सेक्रेटरी 'मग आता नाही का विचारायचं?' असं म्हणत नाही. (आमचे म्हणतात, पण ते सोडा.)

'-णार होतो'ही लागलीच घ्या. 'मी बाहेर पडणारच होते, तेवढ्यात फोन वाजला' : जाले सॉर्तीर, आणि फोन वाजला ते पासे कोंपोझेत. 'मी नुकतीच आले होते' : ज व्हने दारिव्हे. या दोन रचना भूतकाळात नेल्या की आले-व्हनेची रूपं अँपार्फेचीच, तिथे दुसरा काळ चालत नाही. दुसऱ्या वाक्यात सरांचं '-ला होता' पुन्हा आलंच बघा.

कोपरीकर

आणि 'असतं तर'चं काय? कॅनडासाठी टीईएफ (फ्रेंचची परीक्षा) देणारा माझा भाचा त्यातच अडकलाय. 'पैसे असते तर घोडबंदरला फ्लॅट घेतला असता.' दोन्हीकडे 'असता'. त्याने दोन्हीकडे कोंदिस्योनेल ('घेतला असता'वालं रूप) लावला, आणि त्याच्या मास्तरांनी कागद लाल करून टाकला.

सीवूड्सकर

भाच्याला सांगा, तो एकटा नाही. फ्रान्समधली मुलंही हेच करतात, आणि तिथल्या शाळांत त्यासाठी एक म्हण घोकून घेतात : 'ले सी नेम पा ले रे'. म्हणजे 'सी'ला 'रे' आवडत नाही. 'जर'वालं 'सी' आलं की त्याच्या लगेच पुढे 'रे'ने संपणारं कोंदिस्योनेलचं रूप नको. सी जाव्हे द लार्जां, हा अँपार्फे. मग स्वल्पविराम. मग जाशेतरे, हा कोंदिस्योनेल. शेपटं दोन्हींची तीच आहेत, फक्त कोंदिस्योनेलमध्ये धडाच्या शेवटी 'र' असतो.

मराठीत 'असता' दोन्ही हातांत असल्यामुळे आपला हात दोन्हीकडे जातो. शिवाय आपलं वाक्य आजच्या रिकाम्या खिशालाही चालतं आणि गेल्या वर्षीच्या हुकलेल्या व्यवहारालाही. फ्रेंचमध्ये अँपार्फे घातला की तो आजचा खिसा. गेल्या वर्षीचं सांगायचं तर सी-नंतर प्ल्यु-क-पार्फे आणि पुढे कोंदिस्योनेलचं भूतकाळी रूप. ए-टूला ते लागत नाही, भाच्याला लागेल.

'सी' एकटाही येतो. 'सी ओं आले ओ सिनेमा?' म्हणजे 'सिनेमाला गेलो तर?' मराठीत 'गेलो' भूतकाळी, फ्रेंचमध्ये 'आले' भूतकाळी, आणि बेत मात्र संध्याकाळचा.

घोडबंदरचा_घोडा

घोडबंदरला फ्लॅट घेतलेला माणूस म्हणून सांगतो, भाच्याला म्हणावं 'सी' आहे तोवर सुखी आहेस. रोज मेट्रोच्या खांबांखालून कार्यालय गाठणं हा रीतिवर्तमानकाळ आहे.

नेरूळची_आई

मुलीच्या टीचरने सांगितलेलं : फ्रेंच मुलं खेळताना 'मी डॉक्टर आणि तू पेशंट हं' हे अँपार्फेत बोलतात. त्वा त्यु एते ल मालाद, म्वा जेते ल दोक्तर. आमच्याकडे तेव्हापासून भातुकलीही अँपार्फेत चालते.

टिटवी

आता थोडा गृहपाठ, म्हणजे नुसतं वाचून सगळे पळणार नाहीत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आठवतंय ना? मी तेव्हा कुर्ल्याहून निघाले होते. प्रत्येक क्रियापदाला काळ लावा :

'दुपारी दोनला मी कुर्ल्याच्या पुढे गाडीत होते. पाऊस कोसळत होता. गाडी थांबली. डब्यातले दिवे गेले. आम्ही खाली उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. एका काकांनी डबा डोक्यावर धरला होता. आम्ही रुळांवरून चाललो. मुलुंडला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. लोक फलाटावर बिस्किटं वाटत होते.'

घोडबंदरचा_घोडा

बिस्किटं कुठली ते सांगा, मग उत्तर देतो.

बारावी_ब

मी करतो. होते – अँपार्फे. कोसळत होता – अँपार्फे. थांबली, गेले, उतरलो – तिन्ही पासे कोंपोझे. पाणी – अँपार्फे. काकांनी धरला होता – '-ला होता'! डबा डोक्यावर दिसतोय, म्हणून अँपार्फे. चाललो – पासे कोंपोझे. पोचलो – पासे कोंपोझे. अंधार – इल फझे न्वी, अँपार्फे. वाटत होते – अँपार्फे.

नौपाडा_नंदिनी

मी 'चाललो'ला अँपार्फे लावला असता. एवढं अंतर, इतके तास. 'चालतच होतो' असंच वाटतं ना?

टिटवी

बारावी ब, शंभर टक्के! पाण्याच्या वाक्यात एक गंमत सांगते. फ्रेंच म्हणेल लो नूझारिव्हे ओ ज्नू, पाणी आमच्या गुडघ्यांना 'पोचत होतं'. आणि 'मुलुंडला पोचलो' त्यातही तेच क्रियापद, आरिव्हे, पण पासे कोंपोझेत. पाणी कधी चढलं आणि कधी उतरलं ते मी सांगत नाही, म्हणून अँपार्फे. मुलुंड मात्र आलं म्हणजे आलंच.

नंदिनी, 'चाललो'चं सरांवर सोडते.

सीवूड्सकर

दोन्ही बसतं, गोष्ट मात्र बदलते. नू झाव्हों मार्शे म्हटलंत तर घटनांच्या रांगेतली पुढची घटना : थांबली, दिवे गेले, उतरलो, चाललो, पोचलो. टिटवीच्या परिच्छेदात रांगच आहे, म्हणून तेच योग्य. नू मार्शियों म्हणायचं असेल तर वाचणाऱ्याला चालता चालता काहीतरी द्यावं लागेल. 'आम्ही रुळांवरून चालत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली.' नुसतं 'चालत होतो' म्हणून सोडलंत आणि लगेच मुलुंड आणलंत, तर ते वाक्य हवेत राहतं. तुमच्या मनात जे 'इतके तास' आहे ते सांगायचं असेल तर आकडा सांगा, आणि आकडा आला की पुन्हा पासे कोंपोझे.

परीक्षेत हेच करा. ए-टूच्या लेखनाला ४५ मिनिटं असतात, दोन छोटे मजकूर, प्रत्येकी साठेक शब्दांचे. त्यातल्या एकात बहुधा घडलेला प्रसंग सांगायचा असतो. सुरुवातीला दोन वाक्यं अँपार्फेत : कुठे होता, हवा कशी होती, कोण काय करत होतं. मग काय घडलं ते पासे कोंपोझेत. शेवटी कसं वाटलं, म्हणजे 'सेते' ('ते होतं') लावून एखादं विशेषण. तपासणाऱ्याला दोन्ही काळ जागच्या जागी दिसले की पुरे. सगळंच्या सगळं अँपार्फेत लिहिलंत तर मात्र प्रसंग घडतच नाही, नुसता रेंगाळत बसतो.

नौपाडा_नंदिनी

सर, टिटवी, सगळ्यांचे आभार. रविवारी क्लासमध्ये निळ्या शर्टाचं वाक्य फळ्यावर लिहून बघते कोण काय उत्तर देतं ते.

बारावी_ब

सर, शेवटचं. गोष्टीच्या पुस्तकात पासे कोंपोझेऐवजी भलतीच रूपं दिसतात. इल फ्यु, इल पार्ला असं काहीतरी. त्याच्यासमोरही अँपार्फे असाच वापरायचा?

सीवूड्सकर

तो पासे सँप्ल, छापील गोष्टींचा भूतकाळ. हो, त्याच्या शेजारी अँपार्फेचं काम तेच राहतं, फक्त पासे कोंपोझेच्या जागी तो बसतो. बारावीला ओळखता आला तरी खूप. रूपांसाठी वेगळा धागा काढ, इथे टिटवी रागावेल.

टिटवी

रागावत नाही. पण वेगळा धागा काढच. आणि शीर्षकात 'मदत हवी आहे' एवढंच लिहू नकोस, विषय लिही.